दहाचा भोंगा

डीजेचं काम म्हणजे नुसती गाणी लावणं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनात जाऊन गाणी लावून बघावीत. भोंग्याने लावली होती. दोनशे डॉक्टर, आणि दोनशेच्या दोनशे हाताची घडी घालून बसलेले. कुणी ढिम्म हलेना. भोंग्याला घाम फुटला, पण शेवटच्या अर्ध्या तासात त्याने त्यातल्या दीडशे जणांना नाचवलंच. एकदा एका लग्नात दोन्हीकडची मंडळी सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हती, तिथेही त्याने फेर धरायला लावला होता.

त्याचा नियम एकच. तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. तोंड खोटं बोलतं. माणूस वरून मख्ख बसलेला असतो आणि टेबलाखाली त्याची चप्पल हलत असते. ती चप्पल सापडली की निम्मं काम झालं.

हे त्याला कुणी शिकवलं असेल, तर आईच्या उजव्या पायाने.

आई झाकणांच्या कारखान्यात होती. डब्यांची, बरण्यांची, बाटल्यांची पत्र्याची झाकणं. सव्वीस वर्षं ती चौदा नंबरच्या प्रेसवर बसली. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं. ठेव, काढ, दाब. क्रम चुकला की बोट गेलंच म्हणून समजा. कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण आईचा पाय काही बंद झाला नव्हता. जेवताना, भाजी निवडताना, गाढ झोपेतसुद्धा तो पेडल दाबत असायचा. भोंग्याने एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. मिनिटाला अठ्ठावीस. ना एक कमी, ना एक जास्त. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, जाईल. आई म्हणायची, "जाईल कशी? माझी सुट्टी कुठे झालीय अजून?"

या सुट्टीची गोष्ट अशी. पन्नास प्रेस एकदम चालू असले की त्या शेडमध्ये हाक ऐकू यायची नाही. म्हणून पाळी बदलायची तिथली रीत वेगळी होती. दुपारी दोनला येणारी बाई मागून येऊन सकाळच्या बाईच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की उठायचं. वळून बघायचं नाही, मशीन थांबवायचं नाही. एकीचा पाय उचलला की त्याच ठेक्यावर दुसरीचा पडला पाहिजे. आणि हात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग आभाळ का कोसळेना. रात्री दहाला मात्र हाताची गरज नसायची. दहाचा भोंगा झाला की मशिनंच बंद, आपापल्या घरी जा.

आईच्या खांद्यावर हात ठेवायची ती मावशी. सख्खी नव्हे, शेजारच्या खोलीतली. पण सख्ख्या बहिणींना जमणार नाही असं दोघींनी जमवलं. एक मशीन चालवलं आणि एक पोर वाढवलं. सकाळी पोर मावशीकडे, दुपारनंतर आईकडे. पावणेदोनला मावशी त्याला कडेवर घेऊन गेटवर यायची, वॉचमनच्या बाकावर ठेवायची आणि आत जायची. आई बाहेर येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं तो कुणाचाच नसायचा. तेवढा वेळ तो असा गळा काढायचा, की कारखान्याच्या भोंग्याने लाजावं. म्हणून भोंग्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं.

मावशीच्या उजव्या हाताला चारच बोटं होती. अंगठ्याशेजारचं बोट प्रेसने नेलं होतं. "एक कारखान्याला दिलं, चार तुझ्यासाठी ठेवलीत," म्हणायची आणि त्या चार बोटांनी पोराला गुदगुल्या करायची. सकाळी रेडिओवर तिचं एक आवडतं गाणं लागायचं, तीनाच्या ठेक्यातलं. ते लागलं की ती भोंग्याला स्वतःच्या पावलांवर उभं करायची आणि खोलीभर नाचवायची. त्याचं पहिलं नाचणं ते. रविवारी आई घरी असली की लांबून डोळे वटारायची, "शेफारून ठेव हो त्याला." मावशी म्हणायची, "ठेवणारच."

दहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी साडेअकराला कारखान्याची वीज तोडली. मशिनं जागच्या जागी थांबली. बायकांना मागच्या दाराने बाहेर काढलं आणि पुढच्या गेटला कुलूप घातलं. दोनला मावशी आली, तर गेट बंद.

"आले होते गं मी हात ठेवायला," ती पुढे कितीदा म्हणायची. "दारच उघडेनात मेले."

"मग आता ठेव की," आई खांदा पुढे करायची.

"घरात ठेवून काय उपयोग? तो मशीनवर ठेवायचा असतो."

आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या. दोन वर्षांनी मावशी गेली. भोंग्या त्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला लांबच्या गावी गाणी वाजवत होता आणि फोन बॅगेत होता. अकरा वेळा वाजला होता. त्या दिवसापासून त्याने मावशीचं ते गाणं कुठेही लावलं नाही.

आता शेड पाडणार असं ठरलं. पाडण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, जुन्या सुपरवायझरबाईंनी सगळ्यांना तिथेच जमवायचं ठरवलं. खाणंपिणं, गप्पा आणि भोंग्याचं संगीत. आमंत्रण दोन्ही पाळ्यांना होतं, पण सकाळच्या पाळीच्या एकतीसजणीच येतो म्हणाल्या. दुसऱ्या पाळीच्या फारशा कुणी उरल्याच नव्हत्या.

आईने त्याचं काम कधी पाहिलं नव्हतं. "तुझा गोंगाट मला ऐकू तरी येणारे का?" हे तिचं नेहमीचं. प्रेसने तिचे कान निम्मे नेले होते. भोंग्याला वाटायचं, एकदा, फक्त एकदा आईने आपल्या गाण्यावर उठावं, नाचावं, आणि तो पाय एकदाचा दमून गप्प बसावा. त्या दिवसासाठी त्याने तिला दुधावरच्या साईच्या रंगाचा नवा स्वेटर आणला. "हा मळेल," आई म्हणाली, आणि लगेच घातला.

सकाळी नऊला तो सामान घेऊन पोहोचला. गेटवर तोच वॉचमन होता, आता पार वाकलेला. बाकही तोच. "आज रडायचं नाही हं," वॉचमन म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

शेड रिकामी होती. मशिनं कधीच भंगारात गेली होती. जमिनीवर त्यांच्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या, तेल मुरून काळे झालेले पन्नास चौकोन, प्रत्येकापुढे पिवळ्या रंगात नंबर. वरच्या काचांतून ऊन येत होतं. हवेत अजून गंजाचा आणि तेलाचा वास होता.

भोंग्याने स्पीकर मांडले आणि सवयीप्रमाणे मधोमध उभं राहून टाळी वाजवली. रिकाम्या शेडमध्ये टाळी घुमते, चारदा-पाचदा भिंतींवरून परत येते. माणसं भरली की घुमणं बंद होतं, कारण आवाज माणसांच्या अंगात, कपड्यांत जिरतो. या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

टाळी परत आली नाही.

त्याने पुन्हा वाजवली. टप्प. जिथल्या तिथे जिरली. त्याने एक गाणं लावून बघितलं. आवाज असा आला, की शेड खच्चून भरलेली असावी. "वा," तो स्वतःशी म्हणाला, "छत चांगलंय." वर बघितलं तर नुसता पत्रा होता.

बाराला बायका आल्या. मिठ्या, रडणं, "किती गं वाळलीस," "आणि तू किती सुटलीस," सगळं झालं. मग भोंग्याने माइक हातात घेतला, सगळ्यांचं स्वागत केलं आणि पहिलं गाणं सोडलं.

कुणीच उठलं नाही.

एकतीसजणी भिंतीच्या कडेने खुर्च्या मांडून बसल्या होत्या. मधली जागा मोकळी. त्याने दुसरं गाणं लावलं, मग तिसरं. जुनी लावली, त्याहून जुनी लावली. लग्नातली हमखास चालणारी लावली. माइकवरून विनोद केले. आवाज वाढवला तेव्हा सुपरवायझरबाई कानाशी हात नेऊन म्हणाल्या, "बाळा, सुरू कर ना आता." तासभर तो पालथ्या घड्यावर पाणी ओतत होता. आणि विचित्र असं, की एवढी माणसं आत असताना शेड आता घुमायला लागली होती. जणू सकाळी आत असलेलं कुणीतरी जागा मोकळी करून बाहेर गेलं होतं, आणि कडेला बसलेल्या या बायका हिशेबातच नव्हत्या.

दातांच्या डॉक्टरांपुढेही त्याची एवढी शोभा झाली नव्हती. आणि आई समोर बसून सगळं बघत होती.

शेवटी त्याने तोंडं सोडली आणि पायांकडे बघितलं. मग त्याचे हातच थांबले.

एकतीस उजवे पाय हलत होते. सगळे एकदम. मिनिटाला अठ्ठावीस.

ठेव, काढ, दाब. तीनाचा ठेका! आणि हा शहाणा तासभर चाराच्या ठेक्यावर डोकं आपटत होता. त्याने कपाळावर हात मारला, तीनातली गाणी शोधली, मिक्सरवरची सरकपट्टी खाली ओढून लय त्या पायांशी जुळवली. चेहरे बदलले. माना हलू लागल्या. डोळ्यांत चमक आली. पण खुर्ची कुणी सोडेना.

तो उठून आईकडे गेला, तिच्या कानाशी वाकला. "आई, आता तरी उठ ना गं. का उठत नाही तुम्ही?"

आईने त्याच्याकडे असं बघितलं, की एवढा घोडा झाला तरी अक्कल कशी ती आली नाही. "अरे, भोंगा कुठे झालाय? भोंग्याशिवाय लाइनवर कोण जाईल?"

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. पण आजूबाजूचं कुणी हसलं नाही. दोघीतिघींनी तर माना डोलावल्या.

भोंगा वाजवायचं एक बटण त्याच्या मिक्सरवर होतं. पोरांच्या पार्ट्यांत रंग भरायला तो ते दाबायचा. आज आईसमोर असला आचरटपणा नको म्हणून त्याने त्यावर पट्टी चिकटवली होती. ती त्याने काढली. घड्याळात दीड वाजला होता. त्याने बटण दाबलं आणि दाबून धरलं.

एकतीसजणी उठल्या. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. कुणी कुणाला विचारलं नाही, नंबर शोधला नाही. प्रत्येकजण चालत आपापल्या चौकोनात जाऊन उभी राहिली. आई चौदावर.

आणि मग त्या नाचल्या. आधी नुसते हात, ठेव, काढ, आणि दाबला पाय. मग खांदे आले. मग कंबर आली. सत्तरीच्या सुपरवायझरबाईंनी अशी गिरकी घेतली, की जाड भिंगांचा चष्मा उडून पडला आणि त्यांनी तो उचललासुद्धा नाही. कुणीतरी शीळ घातली. आई हसत होती, तोंडावर हात न ठेवता, सगळे पडलेले दात दाखवत. भोंग्याला रडूच आलं. रडत रडत तो गाण्याला गाणं जोडत राहिला. वीस वर्षांत असा फड त्याने बघितला नव्हता.

दोन वाजले.

बारा नंबरवरच्या बाईचा उजवा खांदा किंचित दबला. ती थबकली. चेहऱ्यावर एक गोड हसू आलं, दमलेल्या माणसाला पाणी मिळावं तसं. मागे न बघता ती चौकोनातून बाहेर पडली, भिंतीशी गेली आणि बसली. तिचा पाय थांबलेला होता.

मग तीस नंबर. मग सात. मग एकदम तिघी.

भोंग्याला वाटलं, दमल्या असतील. वयं झाली. पण प्रत्येकीचा आधी खांदा दबत होता, उजवा.

शेजारी माइक चालू राहिला होता. मिक्सरवरची त्याच्या आवाजाची सुई पावलांबरोबर उडत होती. बायका निम्म्या झाल्या. सुई होती तेवढीच उडत होती. दहा उरल्या. तेवढीच. मग पाच. जमिनीतून येणारा तो दाब त्याला तळपायाला कळत होता, पाच पावलांचा नव्हे, पन्नास पावलांचा.

शेवटी चौकोनांत एकटी आई उरली.

तिच्या खांद्यावर कुणाचाही हात पडत नव्हता. ती नाचत होती, पण हसू ओसरलं होतं. धाप लागली होती. ती पुन्हा पुन्हा गेटच्या दिशेने बघत होती. भिंतीशी बसलेल्या तीसजणी तिच्याकडे बघत होत्या.

गाणं बंद करावं, तिला खुर्चीत बसवावं, असं भोंग्याच्या मनात आलं. हातही पुढे गेला. पण मग ती पुन्हा तशीच जाईल, सुट्टी न होता. दुसऱ्यांदा.

त्याला एकच गोष्ट सुचली. आठ वर्षं न लावलेलं गाणं त्याने लावलं. मावशीचं.

सरकपट्टी ओढावी लागली नाही. त्या गाण्याची लय मुळातच तेवढी होती.

"मावशी," तो म्हणाला. माइक चालूच होता. "मी फोन उचलला नाही गं. चुकलं माझं. पण आई थांबलीय."

पहिलं कडवं संपलं.

आईचा उजवा खांदा दबला.

तिने डोळे मिटले. खांद्यावर आपला डावा हात नेला आणि तिथे काहीतरी थोपटलं, दोनदा. मग चौकोनाबाहेर पाऊल टाकलं.

सामान भरताना सुपरवायझरबाईंनी भोंग्याचा गाल कुरवाळला. वॉचमनने शेडला कुलूप लावलं. गाडीत बसल्या बसल्या आई घोरायला लागली, तोंड उघडं टाकून, अगदी लहान पोरासारखी. भोंग्याने वाकून तिच्या पायाकडे बघितलं. एका सिग्नलला बघितलं, दुसऱ्या सिग्नलला बघितलं. पाय गप्प होता. त्याला इतकं बरं वाटलं, की घरी पोहोचेपर्यंत तो स्वतःशीच गात होता.

घरी आल्यावर आईने स्वेटर काढला आणि उजेडात धरला. उजव्या खांद्यावर काळ्या तेलाचा हात उमटला होता. अंगठा, एक रिकामी जागा, आणि तीन बोटं.

"म्हटलं नव्हतं, मळेल म्हणून?" आई म्हणाली. तिने त्या डागावरून हात फिरवला, स्वेटरची नीट घडी घातली आणि न धुता कपाटात ठेवून दिला. नंतर कितीतरी वेळ ती कपाटाच्या दाराला हात लावून उभी होती. भोंग्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने चहा टाकला.

चहा पिऊन होतोय तोवर फोन वाजला. आता फोन वाजला की तो पहिल्या रिंगला उचलायचा. वॉचमन होता.

"भोंग्या, अरे, तुझं एखादं मशीन आत चालू राहिलंय का? कुलूप लावलंय, पण आतून ठेका ऐकू येतोय."

भोंग्याने दाराशी रचलेलं सामान बघितलं. दोन्ही स्पीकर, मिक्सर, वायरींची पेटी. सगळं होतं.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं. भोंग्याने तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

आईने कप खाली ठेवला. तिला जराही नवल वाटलं नाही.

"मग? पाळी चालू आहे त्यांची," ती म्हणाली. "मशिनं तर विकून खाल्ली मेल्यांनी, आता भोंगा तरी कोण देणार? उद्या सकाळी पाडायला माणसं यायच्या आत त्या सुटायला हव्यात." ती कॉटवर आडवी झाली, चादर अंगावर ओढली. पाय एकदाही हलला नाही. "बरोबर दहाला दे हं. तुझ्या मावशीला उशीर झालेला चालत नाही."

भोंग्याने घड्याळ बघितलं. सव्वापाच. त्याने एक स्पीकर उचलला आणि पुन्हा गाडीत नेऊन ठेवला.